पोळ्याचं मुसकं

मी खोटं बोलत नाही, मी शीग लावून बोलतो. डबा काठोकाठ भरल्यावर त्याच्यावर जो डोंगर उभा राहतो ती शीग. आमच्या घरात ढेप असो, दाणे असोत की पाहुण्याच्या ताटातला भात, सगळं शीग लावूनच द्यायची रीत. माझ्या वाट्याला बोलणं आलं, तेही मी तसंच दिलं. माझा मोठा भाऊ मात्र सपाट माणूस. तो डबा भरून काठावरून लाकडाची पट्टी फिरवायचा आणि वरचं पाडून टाकायचा. मी कुणाला काही सांगायला लागलो की तसाच त्याचा उजवा पंजा हवेत आडवा फिरायचा. तोंडाने काही नाही. पंजा फिरला की समजायचं, माझी शीग पडली.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमचं गाव चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळी, कापूस आणि एक बैलजोडी. भाऊ धुळ्याला खोली घेऊन जनावरांच्या संगोपनाचा कोर्स शिकला आणि परत येताना एक लोखंडी पेटी, शिंप्याकडे असते तशी टेप आणि एक खूळ घेऊन आला. याला गोऱ्हे वाढवायचे होते. चाळीसगावच्या बाजारातून हाडापेराने थोराड पण पोटाला न मिळाल्याने वाळलेले गोऱ्हे आणायचे, गोठ्यात बांधून मोजून खाऊ घालायचं आणि अंगात भरले की बैल म्हणून धुळ्याच्या बाजारात न्यायचे.

"वाळलेलेच कशाला?" मी विचारलं.

"उपाशी राहिलेल्या अंगाला घाई असते. नीट मिळायला लागलं की ते मागचं सगळं भरून काढतं. आणि किती खाल्लं याला अर्थ नाही. खाल्ल्यातलं अंगावर किती आलं ते बघायचं असतं."

"मग माझं कसं?"

"तू म्हणजे ढेपेचा नास. हत्तीएवढं घालावं तेव्हा चिमणीएवढं अंगावर येतं."

खरं होतं. त्या काळी मी एका बैठकीत केळीचा अख्खा घड संपवायचो आणि उठलो की सदरा तसाच लोंबत असायचा. (पंजा फिरला. बरं, अर्धा घड.)

आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "पोयापावत कर. पोयाले गोऱ्हास्ले गावमा फिराव. लोकेस्नी देखीसन मान हालाई, ते गोठा तुना. नही ते सुरत, मामाकडे."

म्हणजे मुदत पोळ्यापर्यंत; गोऱ्हे बघून गावाने मान हलवली तर गोठा भावाचा, नाहीतर सुरत. तिथे मामाचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. आमच्याकडून तिकडे गेलेली पोरं वर्षाला एकदा यायची, कानात लुमाचा आवाज घेऊन, आणि घरातही ओरडून बोलायची. भावाला सुरत नको होती. एरवी त्याला काय हवं, काय नको, ते ब्रह्मदेवालाही कळत नसे, पण हे कळायचं. कुणी सुरतेचं नाव काढलं की तो उठून गोठ्यात जायचा.

होळीच्या सुमारास सहा गोऱ्हे आले. चालत नव्हते, सांगाडेच एकमेकांना धरून आल्यासारखे दिसत होते. त्यातल्या पांढऱ्याच्या बरगड्या इतक्या वर आल्या होत्या की त्यांत कणसं खोवून ठेवता आली असती. भावाने टेप काढून प्रत्येकाच्या छातीचा घेर घेतला, त्यावरून वजन किती ते मांडलं, आणि गाव हसायला आलं.

"काय रे, कोट शिवस का त्यास्ले?"

"अंगरखा," मी म्हणालो. "लगीन ठरलंय सगळ्यांचं. सातपुड्यातल्या वाघिणींशी."

भाऊ हसला नाही. त्याचं चालूच होतं. दादर ज्वारीच्या कडब्याची कुट्टी, सरकीची ढेप, मक्याचा भरडा, चिमूटभर मीठ. ढेप आणि भरडा सुरुवातीला इतका थोडा की मी म्हणालो, याने कबुतरं आणली असती तर बरं झालं असतं. तो म्हणाला, यांच्या पोटाला धान्याची सवय नाही. एकदम घातलं तर आत नासेल, आंबेल आणि जनावर जाईल. हळूहळू वाढवायचं. त्याने डब्याच्या आत खिळ्याने रेघा ओढल्या होत्या. दर पंधरवड्याला एक रेघ वर.

आबांना ते बघवत नसे. जनावरासमोर सपाट डबा ठेवायचा हे त्यांच्या कल्पनेपलीकडचं होतं. ते गोठ्यात यायचे, डब्याकडे बघायचे, "मुठभर टाक वरथून," म्हणायचे.

"नाही आबा."

"अरे, मुका जीव शे."

"म्हणूनच नाही."

आबा जायचे. दोघांचं बोलणं एवढंच.

माझं काम कुट्टी करणं आणि गावाला बातम्या पुरवणं. दुसरं काम मी जास्त मनापासून केलं. मी सांगायचो की पांढऱ्या गोऱ्ह्याची सावली पहिल्यापेक्षा मोठी पडते म्हणून शेजारच्या केळीची वाढ खुंटली. तो रात्रीत इतका वाढतो की सकाळी दावं तोकडं पडतं. लोक हसायचे, पण कुठल्यातरी कामाचं निमित्त काढून गोठ्यावरून जायचे आणि आत बघायचे. आणि आत बघितल्यावर हसू थोडं कमी व्हायचं. कारण बरगड्या खरंच बुजत चालल्या होत्या.

टेपेवर माझा विश्वास नव्हता. मला काटा हवा होता. गावाजवळ जिनिंग होती, तिथे कापसाच्या गाड्या मोजायचा मोठा काटा. मालक राजस्थानातल्या घराण्यातले, आम्ही शेठजी म्हणायचो. पावसाळ्याच्या तोंडाला कापूस नसतो, काटा रिकामा. आम्ही पांढऱ्याला घेऊन गेलो.

"भाऊसाहेब, कापूस कुठे आहे?"

"याच्या पोटात आहे शेठजी. सरकी."

पांढरा काट्यावर चढेना. मी पुढून ओढला, भावाने मागून ढकलला, शेठजींनी गादीवरून सल्ले दिले. शेवटी चढला आणि चढल्या चढल्या मुतला. शेठजी हात झटकत म्हणाले, "आता माल कमी झाला. परत मोजा." भावाने मोजलं. घरून टेपेने काढलेला आकडा आणि काट्याचा आकडा जवळपास एकच आला. तो काट्याकडे बघत राहिला. मग पांढऱ्याच्या पाठीवर थाप मारली. सहा महिन्यांत त्याने कुठल्याही जनावराला उगाच हात लावल्याचं मी तेवढंच पाहिलं. परत येताना मी नेहमीप्रमाणे सुरू केलं की काटा वाकला, शेठजी गादीवरून उडाले. भावाने पंजा फिरवला नाही. त्या दिवशी त्याने सगळी शीग राहू दिली.

मग पोळा आला.

आमच्याकडची पोळ्याची पुरणपोळी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगतो. ती तव्यावर होत नाही, उपड्या मातीच्या खापरावर होते. बाया ती दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवून मोठी करतात. हातरुमालाएवढी समजू नका, उपरण्याएवढी समजा. आत पुरण, वर तूप. आणि पोळ्याला बैल दाराशी आला की बाई त्याचे पाय धुते, कुंकू लावते आणि ही पोळी त्याच्या तोंडात देते. कुणाच्याही बैलाला, प्रत्येक दारात. बैलाने तोंड फिरवलं तर ती बाई वर्षभर मनाला लावून घेते.

कामाच्या बैलाला त्याचं काही होत नाही असं आमच्या गावात मानतात. तो पोळी हुंगतो, तुकडाभर खातो, पुढे जातो. पण आमच्या सहांना बघायला त्या वर्षी सगळं गाव दारात उभं राहणार होतं, आणि भावाला ते माहीत होतं. आदल्या दिवशी तो अंगणात बसून सुतळीची मुसकी विणत होता. उभ्या पिकात डवरताना बैलाने तोंड घालू नये म्हणून बांधतात ती जाळी.

"ही कशाला?" मी विचारलं.

"एक घर, एक पोळी. घरं किती आहेत?"

"तुकडा घेऊ दे की."

"तुकडा देणारी एक बाई दाखव मला या गावात."

अख्खी पोळी भरवणाऱ्यांत आमची माय तर पहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोऱ्हे निघाले. शिंगांना हिंगूळ, कपाळाला बाशिंग, पाठीवर झुली, आणि तोंडाला मुसकं. वेशीपाशी तोरणाखाली सगळे बैल जमले होते. वाजंत्री चालू होती. आम्ही पोहोचलो तशी माणसं बाजूला झाली. आधी पांढऱ्याकडे बघितलं, मग मुसक्याकडे.

"नवरदेवले मुसकं बांधीसन आनं का रे भाऊ?" शेजारची काकू म्हणाली. हातात ताट होतं.

"पोट बिघडेल काकू."

"मना हातनी पोयीघाई?"

कुणी हसलं. कुणी म्हणालं, धुळ्याला हेच शिकवतात का. भाऊ पांढऱ्याचं दावं धरून उभा होता. मान खाली नव्हती, पण कुणाकडे बघतही नव्हता. मी काहीतरी बोलायला हवं होतं. असल्या वेळी गाव माझ्याकडेच बघतं. पण तेवढ्यात आबा गर्दीतून पुढे आले. डोक्यावर नवा फेटा. ते पांढऱ्याच्या तोंडापाशी थांबले.

"आज बैलना तोंडले मुसकं?"

"आबा, पोट बिघडी जाई," भाऊ म्हणाला. धुळ्याहून आल्यापासून आबांशी तो गावच्या भाषेत बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"वरीसमा एक दिन शे त्याना."

आबांनी सुतळीची गाठ सोडली. सावकाश, एकेक वेढा. मुसकं काढून खांद्यावर टाकलं. मग दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. सहाही झाली. भावाने त्यांचा हात धरला नाही. मला वाटतं आमच्या गावात, वेशीत, पोळ्याच्या दिवशी, बापाचा हात कुणीच धरला नसता.

आणि लोकांनी मान हलवली. अगदी पहिल्या ओळीत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनी. "बैल व्हई गया," म्हणाले. "बठ्ठा गावमा असा नही." हे मी शीग न लावता सांगतोय. आबा भावाकडे वळून म्हणाले, "गोठा तुना." सगळ्यांसमोर. भावाने ऐकलं. तो पांढऱ्याच्या तोंडाकडे बघत होता, कारण काकूची पोळी तोवर आत गेली होती.

पुढच्या गल्ल्यांबद्दल मला फार आठवत नाही. ताटं आठवतात. प्रत्येक दारी भाऊ म्हणायचा, एक तुकडा, अक्का, एकच तुकडा. आणि अक्का म्हणायची, आरे, इतला मोठा राजा नि तुकडा? बाकीच्या पाचांनाही मिळत होतं, पण सगळ्यांना भरवायचा होता पांढरा. माझ्या बातम्यांतला.

सकाळी पांढरा बसला होता. डाव्या कुशीला फुगलेला, दात खात होता. शेणाला आंबूस वास. बाकीचे उभे होते, पण गव्हाणीकडे पाठ करून. चोपड्याहून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. त्यांनी कूस दाबून पाहिली, डोळे पाहिले.

"काय खाल्लं?"

मी म्हणालो, "पोळा."

"किती?"

सगळ्यांनी भावाकडे पाहिलं. सहा महिने घासन्‌घास मोजणारा माणूस. तो म्हणाला, "माहीत नाही."

डॉक्टरांनी खाण्याचा सोडा पाण्यात कालवून नळीने पाजला, कूस टोचून वारा काढला, इंजेक्शनं दिली. दुपार व्हायच्या आत पांढरा गेला. त्याच्या शिंगांचा हिंगूळ अजून ओला दिसत होता. मी तिथेच उभा होतो आणि माझ्या मनात एवढंच आलं की झूल पाठीखाली राहिली, तिचे गोंडे शेणाने खराब होतील. बाकी काही आलं नाही. पुढेही आलं नाही.

केळीच्या बांधावर खड्डा खणला. भाऊ, मी आणि दोन शेजारी. मीठ टाकलं, माती ओढली. घरी आलो तर मायने ताटं वाढली होती. आदल्या दिवशीच्या पोळ्या उरल्या होत्या, त्याच. आम्ही जेवलो. आबाही जेवले. आबांनी जेवताना एकदा भावाच्या ताटाकडे पाहिलं आणि तुपाची वाटी त्याच्याकडे सरकवली. त्याने घेतलं. मला तेव्हा वाटलं, आता कुणीतरी काही म्हणेल. मग वाटलं, उद्या म्हणेल. मग ते वाटणंही बंद झालं.

गावात लोक मला थांबवून विचारायचे, काय झालं, कसं झालं. मी सांगायचो: पोट फुगलं, गेला. लोक थोडा वेळ वाट बघायचे, वरचं काही येतंय का म्हणून. मग जायचे.

आबांनी गोठ्यात येणं सोडलं. ओट्यावर बसायचे ते गोठ्याकडे पाठ करून. भाऊ मात्र पुन्हा पहिल्या रेघेपासून सुरू झाला. आठवडाभर पाचांना नुसता कडबा. मग चिमूटभर ढेप. मग थोडी जास्त. त्यांच्या बरगड्या पुन्हा दिसायला लागल्या होत्या, त्या पुन्हा बुजल्या, आणि पहिल्यापेक्षा लवकर बुजल्या. दसऱ्यानंतर एका सकाळी त्याने टेप गुंडाळली आणि म्हणाला, "भरून काढलं." त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. आवाजात त्याचं काहीच नव्हतं. वाटाणे निवडावेत तसा बोलला.

दिवाळीनंतर आम्ही पाचही बैल धुळ्याच्या बाजारात विकले. चांगले गेले. बैल विकला तरी आमच्याकडे त्याचं दावं गिऱ्हाइकाला देत नाहीत, ते घरी परत येतं. भावाने पाचही दावी सोडून नीट गुंडाळली आणि स्टँडवर आल्यावर माझ्या हातात दिली.

"तू चोपड्याच्या गाडीत बस."

"आणि तू?"

"सुरत."

त्याची लोखंडी पेटी आमच्या पायाशी होती. सकाळी बैल ट्रकमध्ये चढवताना ती कधी आली ते मी पाहिलं नव्हतं.

"गोठा तुझा आहे," मी म्हणालो. "लोकांनी मान हलवली होती. आबा सगळ्यांसमोर बोलले. मी होतो तिथे."

"हलवली," तो म्हणाला. "मुसकं काढल्यावर हलवली."

मी म्हणालो, आबांशी बोल. तो म्हणाला, काय बोलू? मला सुचलं नाही. माझ्यासारख्याला सुचू नये याचं नवल त्यालाही वाटलं असावं, कारण त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुरतेची गाडी लागली. त्याने पेटी टपावर टाकायला दिली आणि आत जाऊन खिडकीत बसला. मी केळेवाल्याकडून अर्धा डझन केळी घेऊन खिडकीतून दिली. केळीच्या गावच्या माणसाने धुळ्यात केळी विकत घ्यावीत, इतकी अक्कल गेली होती.

घरी आल्यावर दावी आबांच्या पुढे ठेवली. त्यांनी ती उचलली, गोठ्यात गेले आणि खुंटीला अडकवली. पांढऱ्याचं तिथे आधीच होतं. "कथा गया?" कुठे गेला, हे त्यांनी विचारलं नाही. मायने विचारलं. मी सांगितलं. ती चुलीकडे वळली.

पुढच्या पोळ्याला आमच्याकडे फक्त जुनी जोडी होती. म्हातारे बैल, दगड खाल्ले असते तरी पचवले असते असे. मी शिंगं रंगवली, झुली टाकल्या. आबा गोठ्यातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भावाने विणलेली मुसकी होती. त्यांनी ती स्वतः बांधली. सावकाश, एकेक वेढा. मग दोन्ही दावी स्वतः धरली आणि वेशीकडे निघाले. मी मागून.

तोरणाखाली सगळं गाव उभं होतं. काकू ताट घेऊन पुढे आली, मुसकं पाहिलं आणि थांबली. कुणी टोमणा मारला नाही. आबा म्हणाले, "घर जाईसन खातीन." एवढंच. ते प्रत्येक गल्लीतून गेले, प्रत्येक दारात थांबले, पाय धुऊ दिले, कुंकू लावू दिलं. पोळी दिली की हात जोडून माझ्याकडे द्यायला सांगायचे. घरी आल्यावर मुसकी सोडली आणि दोघांना मायच्या हातचा एकेक तुकडा दिला. हातावर तोलून पाहिल्यासारखा करून.

त्यानंतरच्या थंडीत मी सुरतेला गेलो. मामाच्या लुमांच्या वर एक खोली होती, तिथे भाऊ राहायचा. तोही आता ओरडून बोलत होता. चहा झाला. मी सांगितलं, आबांनी पोळ्याला बैलांना मुसकी बांधली. तू विणलेली. स्वतःच्या हाताने. सगळ्या गावातून नेली.

त्याचा पंजा हवेत आडवा फिरला.

"अरे, खरंच."

पुन्हा फिरला.

"मायला विचार. काकूला विचार." खालून लूम सुरू झाले होते, मी ओरडून म्हणालो, "मी काही टाकलेलं नाही वरून."

सदरा घालून खाली जायला उठला होता, तो दारात थांबला.

"मग दारोदारच्या पोळ्या?"

"घरी आणल्या. आम्हीच खाल्ल्या."

"किती?"

मी आठवून पाहिलं. "माहीत नाही," म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पाळीला खाली गेला.